शिपायाच्या मुठीतलं चित्र : रोमन नाणी कशी वाचायची

इ. स. १४ मध्ये सम्राट ऑगस्टस वारला. बातमी पोचते न पोचते तोच पॅनोनिया प्रांतात, डॅन्यूब नदीच्या दक्षिणेला तळ देऊन बसलेल्या तीन रोमन पलटणींनी बंड पुकारलं. त्यांचं गाऱ्हाणं टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवून ठेवलं आहे. आमच्या देहाची आणि जिवाची किंमत रोजचे दहा आस. त्यातूनच कपड्यांचे, हत्यारांचे, तंबूचे पैसे कापले जातात. आणि शतकी अधिकाऱ्याचा, म्हणजे आपल्या तुकडीच्या प्रमुखाचा, मार चुकवायचा असेल तर त्याचं तोंडही त्यातूनच बंद करावं लागतं. शिपायांची मागणी साधी होती. रोज एक डिनॅरियस द्या.

आस म्हणजे तांब्याचं नाणं, डिनॅरियस म्हणजे चांदीचं. सोळा आस म्हणजे एक डिनॅरियस. ऑगस्टसच्या काळात पायदळातल्या शिपायाला वर्षाला २२५ डिनॅरियस मिळत, तेही तीन हप्त्यांत. त्याचे आस केले तर ३६०० होतात, म्हणजे रोजचे साधारण दहा. शिपायांचं गणित पक्कं होतं.

रोमन नाण्यांवरच्या लढाईच्या चित्रांबद्दल लिहायचं तर सुरुवात या पगारापासूनच करावी लागते. नाण्यांची पुस्तकं बहुधा देवतांपासून किंवा सम्राटांच्या यादीपासून सुरू होतात, आणि मग ढाली, भाले, गरुड, हात बांधलेले कैदी ही सगळी नुसती सजावट वाटायला लागते. पण रोमच्या खजिन्यातला सर्वांत मोठा खर्च सैन्याचा होता. टाकसाळीतून निघालेलं कोरं चांदीचं नाणं पुष्कळदा आधी शिपायाच्या मुठीत पडायचं आणि तिथून दारूवाल्याकडे, चांभाराकडे, बाजारात जायचं. ज्याच्या मुठीत ते पहिल्यांदा पडणार, त्याच्यासाठी त्यावर काहीतरी कोरलेलं असणं अगदी स्वाभाविक होतं. चित्र सम्राट स्वतः निवडायचा की टाकसाळीचे अधिकारी, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. मला तो वाद तितकासा मोठा वाटत नाही. अधिकाऱ्याने निवडलं असलं तरी ते सम्राटाला आवडेल असंच निवडलं असणार.

नाणं पाडायची रीत

डिनॅरियस आपल्या हल्लीच्या रुपयापेक्षाही थोडा लहान असतो. सुरुवातीला त्याचं वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास होतं, पुढे चारच्या खाली आलं. तो पाडायचा हातानेच. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर दुसरा ठसा, आणि त्यावर हातोड्याचा घाव. एका घावात दोन्ही बाजू उमटायच्या. म्हणूनच एकसारखी दोन रोमन नाणी सहसा दिसत नाहीत. कुठे सम्राटाचं नाक चकतीबाहेर गेलेलं असतं, कुठे अक्षरं अर्धीच उमटलेली असतात.

दर्शनी बाजूला चेहरा आणि मागच्या बाजूला चित्र, अशी साधारण रचना. कडेने लॅटिन अक्षरं, जागा वाचवण्यासाठी तोडलेली. ‘इम्प’ म्हणजे इम्परातोर. या शब्दातूनच युरोपीय भाषांमधले काही सम्राटवाचक शब्द निघाले. पण मुळात ती शिपायांनी रणांगणावर जयघोष करून आपल्या सेनापतीला दिलेली पदवी होती. रोमचा सम्राट आपल्या नाण्यावर स्वतःची ओळख करून देताना हाच शब्द वापरतो, आणि पुष्कळदा त्यापुढे आकडा असतो. असा जयघोष आपल्या वाट्याला किती वेळा आला, त्याचा तो आकडा. त्यावरून नाणं कोणत्या वर्षीचं आहे, हेसुद्धा अभ्यासक शोधून काढतात.

डिनॅरियस सुरू झाला तोच युद्धाच्या धामधुमीत, इ. स. पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना. त्याच्या दर्शनी बाजूला रोम शहराची देवी रोमा, डोक्यावर पंख लावलेलं शिरस्त्राण. मागे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव, भाले रोखून घोडे उधळत निघालेले, प्रत्येकाच्या डोक्यावर एक तारा. रेजिलस तळ्याकाठच्या जुन्या लढाईत हे दोघे रोमच्या बाजूने लढले आणि मग शहराच्या चौकात येऊन त्यांनी आपल्या घोड्यांना पाणी पाजलं, अशी रोमन लोकांची श्रद्धा होती. हॅनिबलच्या धाकात जगणाऱ्या शहराने आपल्या नव्या नाण्यावर हे दोन घोडेस्वार घेतले, त्यामागची भावना समजायला लॅटिन यावं लागत नाही.

बुजगावण्यासारखा विजयस्तंभ

रोमन नाण्यांवर एक चित्र शतकानुशतकं येत राहतं. नवख्या माणसाला ते बुजगावण्यासारखं दिसतं. झाडाचा एक बुंधा, त्याला आडवी फांदी, त्यावर चिलखत चढवलेलं, वर शिरस्त्राण, दोन्ही बाजूंना ढाली लटकवलेल्या. हा रोमनांचा विजयस्तंभ. हरलेल्या शत्रूची हत्यारं रणांगणावर अशी टांगून ठेवण्याची पद्धत होती. नाण्यावर तो स्तंभ दिसला की त्यावरच्या हत्यारांकडे नीट पाहावं, कारण कोणाला हरवलं ते तिथेच लिहिलेलं असतं. सीझरच्या नाण्यांवरच्या स्तंभाला लांबट गॉल ढाली आणि जनावराच्या तोंडाची रणशिंगं टांगलेली आहेत. म्हणजे शत्रू गॉल, आजच्या फ्रान्समधले लोक. त्याच्या पायथ्याशी माणसं बसलेली असतात. एखादी बाई गालावर हात टेकून बसलेली, एखादा पुरुष पाठीमागे हात बांधलेला, मान वर करून पाहणारा. नखाएवढ्या जागेत ठसा कोरणाऱ्या कारागिराने त्या वर वळलेल्या मानेसाठी जागा काढली आहे.

याच सीझरने इ. स. पू. ४४ मध्ये एक नवी गोष्ट केली. रोममध्ये पाडलेल्या नाण्यावर जिवंत रोमन माणसाचा चेहरा तोवर आला नव्हता. तो मान देवांचा आणि पूर्वजांचा होता. सीझरचा चेहरा आला, सोबत ‘कायमचा सर्वाधिकारी’ ही पदवी आली, आणि त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. खून करणाऱ्यांपैकी ब्रूटस पूर्वेकडे गेला आणि तिथे सैन्याच्या खर्चासाठी त्यानेही नाणी पाडली. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, आणि खाली त्या तारखेची लॅटिन अक्षरं, ‘एइद मार’. हे नाणं फार प्रसिद्ध आहे, त्याची चित्रं सगळीकडे दिसतात. पण दर्शनी बाजूकडे मात्र फार कमी जण बघतात. तिथे ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे. ज्या सत्तेच्या विरोधात खंजीर उपसले, तिच्याच रीतीने शिपायांचा पगार द्यावा लागला. शिपायाला आपण कोणासाठी लढतो ते दाखवायचं, तर चेहरा लागणारच होता.

अँटनीने मोजलेल्या पलटणी

माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं नाणं मार्क अँटनीचं आहे. इ. स. पू. ३२-३१. एका बाजूला अँटनी आणि क्लिओपात्रा, दुसऱ्या बाजूला ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस. अँटनीचं प्रचंड सैन्य आणि आरमार ग्रीसच्या किनाऱ्यावर जमलेलं होतं आणि त्या सगळ्यांना पगार द्यायचा होता. त्यासाठी त्याने जी डिनॅरियस नाणी पाडली, त्यांच्या दर्शनी बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज आहे. मागच्या बाजूला मधोमध गरुड, दोन्हीकडे दोन ध्वजकाठ्या, आणि खाली ‘लेग’ हे अक्षर आणि एक आकडा. लेग म्हणजे लेजिओ, पलटण. पलटण दुसरी, पलटण तिसरी, असं करत करत तेविसावीपर्यंत.

इथे गरुडाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. प्रत्येक रोमन पलटणीकडे काठीवर बसवलेला धातूचा एक गरुड असायचा. छावणीत त्यासाठी देवळासारखी जागा राखलेली असे. लढाईत तो हरवला तर ती त्या पलटणीची सर्वांत मोठी नामुष्की. बाकीच्या काठ्या लहान तुकड्यांच्या, त्यांवर एकाखाली एक गोल चकत्या लावलेल्या. नाण्यावर त्या चकत्या नीट मोजता येतात. आता कल्पना करा, दहाव्या पलटणीतल्या एका शिपायाला पगार मिळतो आणि नाण्यावर त्याचाच गरुड, त्याच्याच पलटणीचा आकडा. त्याला वाचता येत नसलं तरी आकडा ओळखता येतोच; तो त्याने ढालीवर, तंबूवर रोज पाहिलेला असतो. तू माझा आहेस, एवढंच ते नाणं सांगतं.

इ. स. पू. ३१ मध्ये, २ सप्टेंबरला, अ‍ॅक्टियमच्या समुद्रात लढाई झाली. अँटनी आणि क्लिओपात्रा आपली जहाजं घेऊन निसटले. किनाऱ्यावर त्याच्या पलटणी उभ्याच होत्या. त्यांनी काही दिवस वाट पाहिली, बोलणी केली, आणि त्या ऑक्टेव्हियनला जाऊन मिळाल्या. ज्यांच्या नावाची नाणी पाडली होती, तेच गेले.

पण नाणी राहिली. आणि ती का राहिली, हे अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी मुलांना जरूर सांगावं. घाईघाईत पाडलेल्या या नाण्यांत चांदी थोडी कमी होती, हीण जास्त. लोकांना ते कळत होतं. साठवून ठेवायचं तर चांगलं नाणं ठेवावं, वितळवायचं तर चांगलं वितळवावं, आणि हिणकस नाणं बाजारात खपवून टाकावं, हा व्यवहार आपल्या आजीलाही माहीत होता. म्हणून अँटनीचे डिनॅरियस दोनशे वर्षांहून जास्त काळ हातोहात फिरत राहिले. रोमने ब्रिटन जिंकायला सुरुवात केली इ. स. ४३ मध्ये, अँटनी मेल्यानंतर सत्तरेक वर्षांनी. तरी त्याची नाणी ब्रिटनच्या मातीत सापडतात. इतकी झिजलेली, की जहाजाची वल्ही बोटाला जेमतेम लागतात.

न झालेला विजय आणि न सांगितलेला पराभव

चित्रं खरं बोलतातच असं नाही. इ. स. पू. ५३ मध्ये क्रॅसस नावाचा सेनापती पार्थिया या इराणी साम्राज्यावर चालून गेला. कॅऱ्हीजवळ तो मारला गेला, आणि गरुड पार्थियनांच्या हाती गेले. इ. स. पू. २० मध्ये ऑगस्टसने ते परत मिळवले. लढाई न करता, वाटाघाटी करून. मला विचाराल तर ही त्याची मोठी कामगिरी होती. पण नाण्यांवर वाटाघाट दिसत नाही. तिथे लांब विजार घातलेला एक पार्थियन गुडघ्यावर बसून, हात पुढे करून ध्वजकाठी देतो आहे. बाजूला लिहिलं आहे, ‘सिग्निस रेकेप्तिस’, निशाणं परत मिळाली. हे नाणं पाहणाऱ्याला कुठेतरी मोठी लढाई जिंकली गेली असंच वाटावं.

आणि इ. स. ९ मध्ये जे घडलं, त्यावर नाणी गप्पच राहिली. जर्मनीच्या ट्यूटोबर्ग जंगलात वारुस या सेनापतीच्या तीन पलटणी, सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी, कापल्या गेल्या. हे आकडे रोमने पुन्हा कुठल्याही पलटणीला दिले नाहीत. गरुड परत आणल्याची नाणी निघाली ती तीस-एक वर्षांनी, कालिगुलाच्या राज्यात, त्याचा बाप जर्मॅनिकस याच्या कौतुकासाठी. पराभवाचा उल्लेख आला तो परतफेडीच्या रूपाने.

ऑगस्टसच्या टाकसाळीने जे सांगितलं नाही, ते त्या शिपायांच्या बटव्यांनी सांगितलं. १९८७ मध्ये उत्तर जर्मनीत काल्क्रीज नावाच्या जागी, डोंगर आणि दलदल यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, टोनी क्लन या ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्याला धातुशोधक यंत्राने चांदीचे डिनॅरियस सापडले. पुढे गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या, आणि हा नुसता व्यापाऱ्याचा ठेवा नाही हे कळलं. उत्खननात शेकडो नाणी निघाली आणि त्यात इ. स. ९ नंतरचं एकही नाही. काही तांब्याच्या नाण्यांवर ‘वार’ अशी तीन अक्षरं नंतर ठोकलेली आहेत. ती वारुसची. तो जर्मनीत इ. स. ७ मध्ये आला आणि ९ मध्ये मेला, म्हणजे ही नाणी त्या दोन-तीन वर्षांतच त्याच्या शिपायांच्या हाती आली असणार. आज बहुतेक अभ्यासक काल्क्रीजला त्या संहाराशी जोडतात, ते मुख्यतः या नाण्यांच्या भरवशावर.

काल्क्रीजच्या नाण्यांत एक प्रकार पुन्हा पुन्हा येतो. दर्शनी बाजूला ऑगस्टस, मागे त्याचे दोन दत्तक मुलगे, गायस आणि लुसियस. दोघे तरुण उभे, दोघांचे हात एकेका गोल ढालीवर, ढालींच्या मागे भाले. रोमच्या घोडेस्वार वर्गाने त्यांना वयात येताना चांदीच्या ढाली आणि भाले भेट दिले होते. पुढचे सम्राट हेच, सैन्याने यांना ओळखून ठेवावं, असा त्याचा सरळ अर्थ. इ. स. पू. २ पासून फ्रान्समधल्या आजच्या ल्यों शहरात ही नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. लुसियस इ. स. २ मध्ये वारला. गायस आर्मेनियात जखमी झाला आणि ४ मध्ये गेला. वारुसचे शिपाई मेले तेव्हा त्यांच्या कमरेच्या बटव्यात ही दोन मेलेली मुलं ढाली धरून उभी होती. या नाण्याकडे पुन्हा यायचं आहे.

खजुराखालची बाई

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम जिंकलं आणि तिथलं मंदिर जाळलं. वेस्पेसियन हा नवा सम्राट होता. त्याचं घराणं नामांकित नव्हतं आणि सत्ता यादवी युद्धातून आलेली होती. त्याला मोठा विजय दाखवायचा होता, आणि त्याने तो सोन्या-चांदीच्या, पितळेच्या, तांब्याच्या नाण्यांवर पाडला. ‘युदाइआ काप्ता’, ज्यूडिया जिंकला. मधोमध खजुराचं झाड. एका बाजूला त्याखाली जमिनीवर बसलेली बाई, डोकं हातात धरलेलं. दुसऱ्या बाजूला हात बांधलेला पुरुष, किंवा भाला धरून, एक पाय शिरस्त्राणावर ठेवून उभा असलेला सम्राट. सेस्टर्शियस या पितळी नाण्यावर हे चित्र चांगलं सव्वा इंचाचं असतं, आणि त्या बाईच्या पाठीचा बाक आजही स्पष्ट दिसतो.

जिंकलेला देश म्हणजे रडणारी बाई, ही रोमन टाकसाळीची ठरलेली भाषा झाली. पुढे ट्रेजनने डेशिया, म्हणजे आजच्या रुमानियाचा भाग जिंकला, तेव्हा तीच मुद्रा, फक्त खाली वेगळी हत्यारं. अशा चित्रांना ‘सुंदर कलाकृती’ म्हणून पुढे जाणं मला जमत नाही. ती सुंदर आहेत. आणि ती रोज बाजारात हातात पडत होती, ज्या लोकांची ती बाई होती त्यांच्याही.

त्याचं उत्तर साठ वर्षांनी मिळालं. इ. स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी पुन्हा उठाव केला. त्यांनी नवी चांदी शोधली नाही. चालू रोमन नाणीच घेतली आणि त्यांवर आपले ठसे ठोकले. सम्राटाच्या डोक्यावर मंदिराचं चित्र आलं, आणि द्राक्षांचे घोस, वीणा, आणि जुन्या हिब्रू लिपीत स्वातंत्र्याची वर्षं. खजुराचं झाडही आहे, पण त्याच्याखाली कोणी रडत नाही. काही नाण्यांवर खालचा ठसा पुरता पुसला गेला नाही, म्हणून सम्राटाचं कपाळ आणि लॅटिन अक्षरं अजून डोकावतात.

शत्रूच्या नाण्यावर आपला ठसा मारणं ही गोष्ट आपल्या मुलखातही घडली आहे, आणि तीही साधारण त्याच सुमाराच्या शतकांत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतलेला आहे. नहपानाच्या नाकावर सातवाहनांचं चैत्यचिन्ह. जिंकल्याची बातमी सांगायला याहून स्वस्त आणि याहून लांब पोचणारा मार्ग त्या काळात नव्हता.

निष्ठेची नाणी

आता ज्या चित्रात लढाई अजिबात नाही, त्याकडे येऊ. दोन हात एकमेकांत धरलेले, कधी मधे एक गरुडाची काठी. शब्द: ‘फिदेस एक्सर्किटुउम’, सैन्यांची निष्ठा. किंवा ‘काँकोर्डिया मिलितुम’, शिपायांचं एकमत. किंवा एक शांत बाई, दोन्ही हातांत एकेक ध्वजकाठी. पाहायला ही सर्वांत सौम्य नाणी. पण कधी पाडली ते बघितलं की अंगावर काटा येतो.

इ. स. ६९, एका वर्षात चार सम्राट. त्यातला व्हिटेलियस नाण्यावर सैन्यांची निष्ठा जाहीर करतो. डिसेंबरात त्याला रोमच्या रस्त्यांतून ओढत नेऊन मारलं.

इ. स. ९६, वयोवृद्ध नर्व्हा गादीवर येतो. नाण्यावर हातात हात, सैन्याचं एकमत. पुढच्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या अंगरक्षक पलटणीने त्याला राजवाड्यात घेरलं आणि नको असलेली माणसं मारायला लावली. तेव्हा त्याने ट्रेजनला, ज्याच्या हाती जर्मनीतल्या पलटणी होत्या, दत्तक घेतलं.

इ. स. १९३ चं तर काय सांगावं. अंगरक्षकांनी पर्टिनॅक्सला ८७ दिवसांत मारलं आणि साम्राज्याचा अक्षरशः लिलाव पुकारला. डिडियस ज्युलियानस या श्रीमंत माणसाने शिपायामागे २५ हजार सेस्टर्शियस बोली लावून तो जिंकला. त्याने आपल्या नाण्यांवर काय घेतलं? ‘काँकोर्ड मिलित’. शिपायांचं एकमत, दोन ध्वजकाठ्या धरलेल्या बाईसह. ६६ दिवसांनी त्याच शिपायांनी त्याला सोडलं आणि तो मारला गेला.

म्हणून रोमन नाण्यांवर सैन्याच्या निष्ठेची घोषणा दिसली की ती बातमी समजू नये. ती विनंती आहे. ज्या सम्राटाला सैन्याची खात्री असते तो नाण्यावर पूल, बंदर, धान्याची कणसं घेतो. हे शंभर टक्के लागू पडेल असं नाही, पण नाणी हाताळणाऱ्याने हा अंदाज मनात ठेवावा.

ज्युलियानसच्या जागी आलेला सेप्टिमियस सेव्हेरस हे नीट समजून होता. डॅन्यूबकाठच्या चौदाव्या पलटणीने त्याला सम्राट म्हणून पुकारलं होतं. त्याने लगेच अँटनीसारखी पलटणींच्या आकड्यांची नाणी पाडली, आणि त्यात पहिला मान त्या चौदावीचा. शिपायांचे पगार वाढवले. मरताना त्याने मुलांना सांगितलं म्हणतात की एकमेकांशी जुळवून राहा, शिपायांना श्रीमंत करा, बाकी कोणाची पर्वा करू नका. पहिली गोष्ट मुलांनी मोडली. थोरल्या कॅराकॅलाने धाकट्याला वर्षभरातच मारवलं. दुसरी मात्र त्याने पाळली आणि पगार पुन्हा वाढवला.

पैसे आणायचे कुठून? चांदी तेवढीच होती. सेव्हेरसने डिनॅरियसमधली चांदी निम्म्याच्या आसपास आणली. इ. स. २१५ मध्ये कॅराकॅलाने नवं नाणं काढलं, किंमत दोन डिनॅरियसची मानली जाणारी, चांदी दीडाचीच. शिपायाला हे कळायला वेळ लागत नाही. त्याने जास्त नाणी मागितली, टाकसाळीने आणखी हीण घातलं. गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांत, म्हणजे २६० च्या दशकाच्या अखेरीस, चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती. तांब्याच्या चकतीवर चांदीचा मुलामा, आणि तो थोड्या वापराने उडणारा.

आणि या मुलामा दिलेल्या तांब्यावर गॅलिएनसने काय घेतलं ते पाहा. पलटणीपलटणीची जनावरं. मकर, सिंह, बैल, रानडुक्कर, करकोचा, पंखांचा घोडा. सोबत प्रत्येक पलटणीला पदवी: पाच वेळा एकनिष्ठ, मग सहा वेळा, मग सात वेळा एकनिष्ठ. आकडा वाढत गेला आणि चांदी उतरत गेली. इ. स. २६८ मध्ये मिलानला वेढा घालून बसला असताना त्याच्याच सरदारांनी त्याला मारलं.

कॉन्स्टंटाइनच्या शेवटच्या वर्षांतली लहान तांब्याची नाणी आज जगभरच्या हौशी संग्राहकांकडे ढिगाने असतात. ‘ग्लोरिया एक्सर्किटुस’, सैन्याचं वैभव. दोन शिपाई, मधे दोन ध्वजकाठ्या. पुढे नाण्याचं वजन कमी केलं, तेव्हा मधली एक काठी काढून टाकली. दोन शिपाई आणि एकच काठी. माल कमी झाल्याचं इतक्या प्रामाणिकपणे सांगणारं नाणं दुसरं सापडणं कठीण.

ढाल-भाल्याची मुलं भारतात

गायस आणि लुसियसकडे परत येतो. काल्क्रीजच्या चिखलातलं तेच नाणं दक्षिण भारतात, कोइमतूरच्या आसपासच्या ठेव्यांमध्ये आणि आंध्र-तेलंगणात मोठ्या संख्येने निघालं आहे. भारतात सापडणाऱ्या चांदीच्या रोमन नाण्यांत हा प्रकार आणि त्यानंतरचा टायबेरियसचा एक प्रकार, हे दोनच सर्वांत जास्त. मिरी, मोती, मलमल यांच्या बदल्यात ही चांदी इकडे येत होती. दरवर्षी भारत आपले पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने करून ठेवली आहे. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वर्णनात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर ही नावं येतात, आणि भडोचला रोमन सोन्याचांदीच्या नाण्यांच्या अदलाबदलीत फायदा होतो असंही तो लिहितो. दख्खनमध्ये मात्र ही नाणी दक्षिणेच्या मानाने कमी मिळतात. इथे क्षत्रप आणि सातवाहन यांची स्वतःची नाणी चालत होती, आणि बाहेरून आलेली चांदी वितळवून ती पाडली गेली असावी, असं त्याचं एक कारण मानलं जातं. आपल्या संस्कृत ग्रंथांतला आणि गुप्तकाळच्या लेखांतला ‘दीनार’ हा शब्द मात्र याच डिनॅरियसचा.

इकडे त्या ढालींचा अर्थ लावायला कोणी पलटण नव्हती. काही नाण्यांवर छिन्नीचा आडवा घाव आहे, थेट सम्राटाच्या चेहऱ्यावरून. काहींच्या स्थानिक नकला झाल्या, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा. तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदकं मिळाली आहेत. सोन्याच्या नाण्यांना भोकं पाडून ती गळ्यात घातली जात. ही भोकं पुष्कळदा सम्राटाच्या डोक्याच्या वर, जवळजवळ दोन पाडलेली असतात, म्हणजे दोऱ्यात ओवल्यावर चेहरा सरळ राहावा आणि समोर दिसावा. मागची बाजू, तिच्यावर जे काही भाले, ढाली, निशाणं असतील ते, घालणारीच्या छातीला टेकलेलं.